छर्रा की बुश?
(विज्ञान मंडळाच्या पालकसभेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



विषयाचे नाव ऐकून काही पालकांच्या कपाळाला आठी पडली असेल. इतिहास आणि मराठी शिकवणारा मास्तर बेअरिंगवर काय बोलणार? आणि समुद्रापासून इतक्या दूर, आसनगावात बसून बोटीच्या इंजिनाची चर्चा कशासाठी? शंका रास्त आहे. पण आपल्या विज्ञान मंडळाच्या मुलांनी वाफेच्या छोट्या बोटीचे इंजिन करायला घेतले आहे, हे आपणांस ठाऊक आहे. सिलिंडर ओतून आला आहे. क्रँक एका अखंड पोलादी तुकड्यातून लेथवर उतरला आहे आणि त्यासाठी एका वृद्ध मिस्त्रींनी आपले कित्येक रविवार दिले आहेत. आता काम अडले आहे ते बेअरिंगपाशी. मंडळात दोन तट पडले आहेत. एक तट म्हणतो, बाजारातून छर्ऱ्याचे बेअरिंग आणा आणि ठोकून बसवा. दुसरा म्हणतो, जुन्या पद्धतीची दोन फाकांची बुश ओता. पैसा आपल्या वर्गणीचा आहे आणि निवड चुकली तर बेअरिंगबरोबर तो क्रँकही जाईल. म्हणून हा प्रश्न मी आपल्यापुढे मांडतो आहे. माझे मतही सांगणार आहे, पण आधी कारणे सांगतो.

बेअरिंग म्हणजे काय, हे आपल्या घरातील आया-बहिणींना माझ्यापेक्षा जास्त कळते. जात्याच्या वरच्या तळीत जो लाकडाचा तुकडा बसवतात, ज्याला आपण माकडी म्हणतो, ते बेअरिंगच होय. खुंटा फिरत नाही, तळी फिरते आणि घर्षण सोसते ती माकडी. ती झिजली की सुतार दुसरी करून देतो. जाते तेच राहते. बैलगाडीच्या तुंब्यात लोखंडी नळी असते आणि आसाला वंगण असते, तोही हाच प्रकार. शिवणयंत्रात आपण ज्या भोकात तेलाचा थेंब सोडतो, त्या भोकातही हेच चालते. दोन वस्तू एकमेकींवर घासणार असतील तर एक झिजणारच. मग झिजायचे कोणी, हे माणसाने आधीच ठरवून ठेवलेले असते. महाग आणि करायला अवघड वस्तू वाचावी, स्वस्त आणि बदलता येणारी झिजावी. आमच्या इंजिनात महाग वस्तू आहे तो क्रँक. एवढे ध्यानात ठेवले की पुढचा विचार सरळ होतो.

आता इतिहासाचा मास्तर म्हणून थोडे विषयांतर करू द्या. वाफेची छोटी बोट ही विलायतेतून पाहून घेतलेली कल्पना, असे मुलांना वाटते. आपल्या मुंबईतच, माझगावला, १८३३ साली आर्देशिर करसेटजी वाडिया या पंचविशीतल्या तरुणाने वाफेचे एक अश्वशक्तीचे इंजिन तयार केले आणि विहिरीचे पाणी उचलून कारंजे उडवले. त्याच सुमारास ‘इंडस’ नावाच्या लहानशा बोटीवर त्याने वाफेचे इंजिन चढवले. त्याआधी १८२९ साली मुंबईच्याच गोदीत ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट पाण्यात उतरली होती आणि १८३० साली ती सुएझपर्यंत जाऊन आली होती. पुढे १८४१ साली आर्देशिर लंडनच्या रॉयल सोसायटीचे सभासद निवडले गेले. तो मान मिळवणारे ते पहिले भारतीय. १९६९ साली भारत सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले. आता विचार करा, १८३३ साली छर्ऱ्याचे बेअरिंग कोठल्याही दुकानात मिळत नव्हते. ज्या ‘व्हाइट मेटल’ने पुढे जगभरची इंजिने चालली, त्या धातूची पद्धतही आयझॅक बॅबिट याने अमेरिकेत १८३९ साली, म्हणजे सहा वर्षांनंतर बांधली. त्या काळचे काम चालायचे ते मुख्यतः कांशावर आणि पितळेवर.

असो. आपल्या इंजिनाकडे येऊ. सिलिंडरचा व्यास ७५ मिलिमीटर आहे. वाफेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला ७ किलो धरला, तर दट्ट्यावर सुमारे ३१० किलो भार येतो. भाताची ७५ किलोंची चार पोती एकावर एक रचा, तेवढा हा भार झाला. इंजिन मिनिटाला ३०० फेरे मारणार आणि वाफ दट्ट्याला दोन्ही बाजूंनी ढकलणार. म्हणजे ही चार पोती मिनिटातून ३०० वेळा क्रँकपिनवर आदळणार आणि ३०० वेळा तिला उलट ओढणार. पिनचा व्यास ३० मिलिमीटर, बुशची लांबी ४० मिलिमीटर. तीन गुणिले चार, बारा चौरस सेंटिमीटर. ३१० ला १२ ने भागा. दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २६ किलो. जुन्या आगबोटींच्या इंजिनांत क्रँकपिनवर तिसाच्या आसपास दाब चालवून घेत, म्हणून आपण मर्यादेत आहोत. दोन्ही टोकांच्या मुख्य बेअरिंगवर हा भार वाटला जातो, तेथे तर याच्या निम्म्याहून कमी येतो. नववीतल्या ज्या मुलांनी हा हिशेब फळ्यावर मांडला, त्यांना क्षेत्रफळ कशासाठी शिकतात हे आता विचारावे लागणार नाही.

छर्ऱ्याच्या बाजूच्या मुलांचे म्हणणे मी हलके लेखत नाही. त्यांनी ६२०६ क्रमांकाचे बेअरिंग सुचवले आहे. शेवटच्या ०६ ला पाचाने गुणले की आतला व्यास ३० मिलिमीटर, हे त्यांनीच मला शिकवले. त्यांनी त्याचे आयुष्यही काढले. कारखान्याच्या तक्त्यातील भारक्षमता घेतली, आपला भार घेतला, भागाकाराचा घन केला. उत्तर आले एक लाख तासांच्या वर. दिवसाला आठ तास बोट चालवली तरी तीस-पस्तीस वर्षे! घर्षण कमी, तेलाची कटकट नाही, बाजारात सहज मिळते. शहापूर-मुरबाडच्या भातगिरण्यांत, पंपांत, मोटारींत हीच बेअरिंगे फिरत असतात. मग अडचण कोठे आहे?

अडचण पाण्यात आहे. तो एक लाख तासांचा आकडा धातू थकून फुटण्याचा आहे, गंजण्याचा नाही. वाफेच्या छोट्या इंजिनात दट्ट्याच्या दांड्यावरून, पॅकिंगमधून, थंड झालेल्या वाफेचे थेंब सतत क्रँकवर टपकतात. बोट ओलीच असते. त्यात बोट रोज चालणार नाही. महिना-महिना बांधून पडणार. उभ्या बेअरिंगमध्ये छर्रा ज्या जागी टेकलेला असतो, त्या जागी ओल धरते, गंजाचा ठिपका पडतो, आणि पुन्हा इंजिन सुरू केले की प्रत्येक छर्रा त्या खड्ड्यावरून उडी मारत जातो. घरघर सुरू झाली की ते बेअरिंग गेले. दोन्ही बाजूंना रबरी झाकणे असलेला प्रकार मिळतो, तो पुष्कळ टिकतो हे खरे; पण झाकणाच्या आत पाणी एकदा शिरले की ते बाहेरही येत नाही. लाख तासांचे बेअरिंग एका पावसाळ्यात जाऊ शकते.

दुसरी अडचण त्याहून सोपी आहे, आणि ती मुलांच्या लक्षात आणून दिली मिस्त्री चाचांनी. छर्ऱ्याचे बेअरिंग अखंड कडे असते. ते शाफ्टच्या टोकाकडूनच आत सरकवावे लागते. टोकाच्या दोन मुख्य बेअरिंगपुरते हे जमेल. पण क्रँकपिन दोन गालांच्या मध्ये आहे. तेथे अखंड कडे जाणार कसे? क्रँक तुकड्यांतून जोडून केला असता तर गोष्ट वेगळी होती. आपला क्रँक अखंड आहे. म्हणजे ज्या जागी भार सर्वांत जास्त, नेमकी तेथेच छर्ऱ्याची सोय नाही. तेथे दोन फाकांचे, बोल्टने आवळायचे बेअरिंगच हवे.

आता फाकांचे बेअरिंग ओतायचे कशाचे? येथे पालकांपैकी कोणी म्हणेल, घरात पितळेची जुनी भांडी आहेत, वितळवून टाका. कृपा करून तसे करू नका. भांड्याच्या पितळेत जस्ताचे प्रमाण मोठे असते. असे पितळ पोलादाला चिकटून ओरखडे काढते, आणि खाऱ्या पाण्यात त्यातील जस्त निघून जाऊन धातू भुसभुशीत होतो. कारखान्यात ज्याला गनमेटल म्हणतात त्यात सुमारे ८८ भाग तांबे, १० भाग कथील आणि २ भाग जस्त असते. फॉस्फर ब्राँझ त्याहून कडक; पण त्याला शाफ्टही कडक, पाणी दिलेला लागतो. आपला क्रँक साध्या पोलादाचा आहे. कडक बुशीत मऊ शाफ्ट फिरवला तर झिजायचे ते शाफ्टने. जात्याची माकडी आठवा. येथे उलटे होईल, माकडी राहील आणि खुंटा जाईल.

म्हणून माझे मत असे की गनमेटलच्या दोन फाका घ्याव्यात आणि त्यांच्या आतून व्हाइट मेटलचा थर ओतावा. या धातूत सुमारे नव्वद भाग कथील, बाकी अँटिमनी आणि तांबे. नखाने नाही, पण चाकूने कोरता येईल इतका तो मऊ असतो. तेलातून रेतीचा कण आला तर तो या मऊ थरात रुतून बसतो, शाफ्टला कापत सुटत नाही. शाफ्ट किंचित तिरका बसला तर थर स्वतःला थोडा जुळवून घेतो. आणि तेल बंदच पडले तर? २४० अंशांच्या आसपास हा धातू मऊ पडून वितळू लागतो. ठोका ऐकू येतो, इंजिन थांबवावे लागते, पण क्रँक वाचतो. पुन्हा ओतायला शेगडी, पळी आणि जाणता हात एवढे पुरे होते. ओतताना निघणारा धूर वाईट आणि ओलाव्याने धातू उडतो, तेव्हा ते काम मिस्त्रींचे. मुलांनी लांब उभे राहून पाहावे.

तेलाची एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. १८८३ साली इंग्लंडमध्ये बोशाँ टॉवर नावाचा अभियंता रेल्वेच्या आसांच्या बेअरिंगवर प्रयोग करीत होता. शाफ्ट खालून तेलात बुडालेला होता. बेअरिंगच्या डोक्यावर त्याने तेल सोडण्यासाठी भोक पाडले, तर तेल आत जाण्याऐवजी त्या भोकातून वर येऊ लागले. त्याने बूच मारले, ते निघाले. लाकडी खुंटी ठोकली. तीही तेलाने बाहेर ढकलली. शेवटी दाबमापक लावला तेव्हा त्याचा काटा दर चौरस इंचाला २०० पौंडांच्या पुढे गेला. बेअरिंगवरचा सरासरी भार मात्र १०० पौंडच होता. फिरणारा शाफ्टच तेलाला आपल्याबरोबर ओढून पाचरीसारखे आत दाबत होता आणि भार त्या तेलाच्या पातळ पडद्यावर तरंगत होता. १८८६ साली ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने या गोष्टीचे गणित मांडले. याचा आपल्याला उपयोग असा की तेलाचे भोक आणि चर नेमके भाराच्या जागी पाडायचे नाहीत, आणि चर फाकेच्या कडेपर्यंत नेऊन तेलाला पळवाट द्यायची नाही. आणखी एक. वाफेच्या दुहेरी इंजिनात भार प्रत्येक फेरीत उलटतो, त्यामुळे पिन क्षणभर सुटी होते आणि तेल आत शिरते. हा वाफेच्या इंजिनाचा स्वाभाविक गुण आहे आणि साधी बुश एवढा मार सोसूनही टिकते त्याचे हे मोठे कारण होय.

तेल कोणते? नुसते खनिज तेल पाण्याच्या थेंबांनी धुऊन जाते. म्हणून आगबोटींवर खनिज तेलात वनस्पतीचे किंवा प्राण्यांच्या चरबीचे तेल मिसळीत. ते पाण्याशी साय धरते पण पृष्ठभाग सोडत नाही. आपल्या गाडीवानांनी एरंडेल वापरले ते उगीच नव्हे. मात्र हे तेल बॉयलरच्या पाण्यात जाता कामा नये. तेथे ते फेस आणते आणि पत्रा तापवते.

आगबोटींच्या इंजिनखोलीत ‘तेलवाला’ नावाचा स्वतंत्र खलाशी असे. कोळसा मारणारा तो आगवाला आणि तेल घालणारा तो तेलवाला. मुंबईहून सुटणाऱ्या मोठ्या कंपन्यांच्या बोटींवर डेकवरचे खलाशी बहुधा आपल्या कोकणातले मुसलमान असत आणि इंजिनखात्यात पंजाबी व पठाण. कलकत्त्याकडे सिल्हेटचे लोक. तेलवाल्याचे काम नुसते बुधली घेऊन फिरण्याचे नव्हते. उघडा क्रँक त्याच्या पुढ्यात फिरत असे आणि चालत्या इंजिनात, पिन वर येईल त्या क्षणी हात पुढे करून, बेअरिंग तापले आहे का हे तो बोटांनी पाहून घेई. ताल चुकला तर हात जाई. शेकडो उतारूंची आणि खलाशांची सुरक्षितता त्या बोटांच्या जाणिवेवर अवलंबून असे. जहाजाच्या कागदपत्रांत त्याच्या नावापुढे फार तर अंगठा असायचा.

येथे पालकांशी दोन शब्द बोलतो. आमच्या मंडळाला मार्ग दाखवणारे मिस्त्री चाचा मुंबईच्या गोदीत फिटर होते. वाफेच्या टगांवर त्यांचा हात फिरलेला आहे. त्यांचा नातू आमच्याकडे दहावीत आहे आणि घरच्यांची इच्छा त्याने ऑफिसात बसावे अशी आहे. त्यात गैर काही नाही. पण मुलगा फिटरच्या ट्रेडला आयटीआयमध्ये जाऊ म्हणतो, तेव्हा घरात जी शांतता पसरते ती मला बोचते. निळा रंग लावून, शाफ्ट फिरवून, जेथे डाग उमटला तेवढेच स्क्रेपरने घासायचे आणि पुन्हा निळा लावायचा, असे पंधरा-वीस वेळा करून फाक शाफ्टला बसवणारा माणूस अडाणी कसा? मी पदवीधर आहे; मला ते येत नाही. त्यांच्याकडून ते शिकून घेणारा आज त्या घरात एकच मुलगा आहे.

बाकीची बेअरिंगे लवकर सांगतो. कनेक्टिंग रॉडच्या वरच्या टोकाची पिन पूर्ण फिरत नाही, नुसती डोलते. तेथे तेलाचा पडदा धड बनत नाही, पण वेगही नाही. म्हणून ती पिन कडक केलेली आणि बुश फॉस्फर ब्राँझची. वाफेची झडप हलवणाऱ्या एक्सेंट्रिकवर भार थोडा. तेथे गनमेटल पुरे.

एका जागी मात्र मी छर्ऱ्याच्या बाजूचा आहे. पंखा पाण्याला मागे ढकलतो तेव्हा शाफ्ट बोटीला पुढे रेटतो. आपल्या दीड-दोन अश्वशक्तीला हा रेटा तीस-पस्तीस किलो असेल. आकडा लहान आहे, पण बोट पुढे चालली आहे तोवर तो एकाच दिशेने, अखंड असतो. कधी उलटत नाही, म्हणून साध्या कड्याच्या बेअरिंगमध्ये तेलाला आत शिरायला संधी मिळत नाही. हा रेटा क्रँकवर आला तर त्याचे गाल बुशीच्या कडा खातील. तेव्हा इंजिनाच्या मागे, टपकणाऱ्या पाण्यापासून दूर, ग्रीस भरलेल्या बंद पेटीत रोलरचे किंवा छर्ऱ्याचे रेटा-बेअरिंग घालावे. ६२०६ वाल्या मुलांनी आता त्याचा क्रमांक शोधावा. आणि बोटीच्या बुडातून शाफ्ट बाहेर पडतो तेथे तेल नको, ग्रीसही नको. तेथे पाणी हेच वंगण. १८५४ साली जॉन पेन याने त्या जागी लिग्नम व्हिटे नावाचे जड, तेलकट लाकूड बसवण्याची युक्ती काढली आणि मोठमोठ्या पोलादी जहाजांचे शाफ्ट लाकडावर फिरू लागले. आज तेथे चर पाडलेली रबरी नळी मिळते. आपण तीच घेऊ.

बॉयलरबद्दल काळजी करणाऱ्या मातांना सांगतो की आम्ही बॉयलर करीत नाही. बॉयलरवर १९२३ पासून कायद्याची नजर आहे, २०२५ मध्ये त्याचा नवा कायदाही आला, आणि ते योग्यच आहे. आपले इंजिन प्रदर्शनात पंक्चरच्या दुकानातील कॉम्प्रेसरच्या हवेवर, दोन-तीन किलो दाबाने सावकाश फिरेल. पण बेअरिंग मात्र सात किलोंच्या हिशेबाने आणि पाणी टपकणार असे धरूनच करायचे. पुढे खरोखर वाफ देणारा कोणी अधिकृत कारखाना भेटला तर इंजिन नव्याने करावे लागू नये.

मुलांनो, आता बसवण्याचे काम तुमचे. दोन फाकांच्या मध्ये पातळ पत्र्याचे तुकडे घाला; बुश झिजली की एकेक काढून घेता येईल. फटीचा अंदाज असा ठेवा : व्यासाच्या हजाराव्या भागाइतकी, म्हणजे ३० मिलिमीटरला ०.०३, फार तर ०.०५. ती मोजायला शिशाची बारीक तार पिनवर ठेवा, बोल्ट पूर्ण आवळा, पुन्हा उघडा आणि चपटी झालेली तार मायक्रोमीटरने मोजा. लाकडी बोट जमिनीवर वेगळी असते आणि पाण्यात वेगळी. म्हणून शाफ्टची शेवटची जुळणी बोट पाण्यात सोडल्यावरच करा. पहिला एक तास भाराशिवाय, भरपूर तेल देऊन चालवा. दर दहा मिनिटांनी इंजिन पूर्ण बंद करा, फ्लायव्हील थांबल्याची खात्री करा आणि मगच बेअरिंगच्या टोपीवर तळहात ठेवा. पाच मोजेपर्यंत हात टिकला तर ठीक. नाही टिकला तर पत्र्याचा एक तुकडा वाढवून पुन्हा सुरू करा. तासानंतर टोप्या उघडा. थर सर्वत्र सारखा करडा, तुकतुकीत दिसला तर पुन्हा आवळा. एका बाजूलाच चकाकी असेल तर निळा रंग आणि स्क्रेपर घेऊन मिस्त्री चाचांकडे जा. रविवारी दुपारनंतर ते घरीच असतात.